न मावलेल्या नोंदींचे गभणे सर

गौरवग्रंथ समितीने या लेखासाठी मला तीनदा आठवण केली. पहिल्यांदा पत्र आले, दुसऱ्यांदा फोन आला आणि तिसऱ्यांदा समितीचे दोन सदस्य थेट आमच्या संस्थेत येऊन चहा पिऊन गेले. विलंबाबद्दल मी त्यांची माफी मागते. खरे कारण सांगायचे तर मी थकले आहे, आणि माझ्या थकण्यात गभणे सरांचा वाटा मोठा आहे. त्यांच्याविषयी लिहायला बसले की त्यांनीच सांगितलेले एखादे राहिलेले काम आठवते आणि लेख बाजूला पडतो. सर यंदा पंचाहत्तर वर्षांचे झाले. मी अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. आम्हा दोघांत दमलेले कोण दिसते, असे एखाद्या परक्या माणसाला विचारले तर तो माझ्याकडे बोट दाखवील.

सरांची आणि माझी पहिली ओळख अकरावीच्या वर्गातली. प्रा. वसंतराव गभणे आम्हाला गणित शिकवीत. पहिल्या तासाला त्यांनी हजेरी घेतली ती निराळीच. प्रत्येकाने नाव सांगायचे, गाव सांगायचे आणि गावाहून भंडाऱ्याला कसे आलात तेही सांगायचे. कोणी एसटीने आले होते, कोणी मामाच्या ट्रॅक्टरवरून, कोणी नावेने वैनगंगा ओलांडून. सर प्रत्येक गावासाठी फळ्यावर एक ठिपका काढीत आणि रस्त्याची रेघ ओढीत. शेवटी त्यांनी विचारले, की दिघोरीच्या मुलाला आंबागडच्या मुलीच्या घरी लग्नाची पत्रिका द्यायची झाली तर त्याने कसे जावे. वर्ग हसला. दिघोरीचा मुलगा लाल झाला. पण तासाभरात आम्ही सगळे त्या रेघांतून जिल्हाभर हिंडून आलो. सरांनी त्या आकृतीभोवती चौकट केली आणि खाली लिहिले, ‘पुसू नये’. ती आठवडाभर तशीच राहिली. रसायनशास्त्राचे सर उरलेल्या कोपऱ्यात समीकरणे लिहीत आणि मनातल्या मनात चडफडत.

पुढे मी नागपूरला शिकले, काही वर्षे पुण्यात नोकरी केली आणि वडील गेल्यावर आईसाठी भंडाऱ्याला परतले. एका संगणक प्रशिक्षण संस्थेत शिकवू लागले. एके दिवशी नव्या तुकडीत मागच्या बाकावर गभणे सर बसलेले दिसले. ते नुकतेच निवृत्त झाले होते. मला वाटले, कुणाची तरी वाट पाहत असतील. त्यांनी वही उघडली, पेनाचे टोपण काढले आणि ‘मॅडम, सुरू करा’ म्हणाले. त्या सबंध अभ्यासक्रमात ते वर्गात मला ‘मॅडम’ म्हणत आणि वर्गाबाहेर पडले की ‘काहून वो वैशाली, जेवली काय?’ असे विचारीत. परीक्षेत त्यांना पोरांपेक्षा कमी गुण पडले, तेव्हा उत्तरपत्रिका घेऊन आले आणि माझ्याशी तासभर वाद घातला. मी अर्धा गुण वाढवून दिला. तो त्यांच्या हक्काचा होता, हे मला आजही पटलेले नाही.

या वयात प्रोग्रॅमिंग शिकण्यामागे त्यांचा एक हेतू होता. आपल्या जिल्ह्यात तळी किती आणि बोड्या, म्हणजे शेतातली लहान तळी, किती हे कुठल्या ना कुठल्या कागदावर आहेच. पण कोणत्या तळ्याचे पाणी कोणत्या बोडीत उतरते, तिथून आधी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, जाते, मासे कोण धरतो, काठावरच्या देवाला नारळ कोण फोडतो आणि पाणी कमी पडलेल्या साली पाळी कशी लागते, हे सगळे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी होते. ती माणसे एकेक करून जात होती. सरांचे वडील गावात पाणी वाटण्याचे काम करीत. त्यांच्याकडून ऐकलेले सरांनी कधी लिहून ठेवले नाही आणि पुढे ते त्यांना आठवेना. ही खंत त्यांनी मला एकदाच बोलून दाखवली. त्यानंतर त्यांनी वह्या घेतल्या आणि गावोगाव फिरायला सुरुवात केली.

वह्यांतले सगळे आम्ही आधी एक्सेलच्या तक्त्यात भरू लागलो. नाव, गाव, क्षेत्र, मालक असे रकाने केले. पहिल्याच पाच गावांनी ते रकाने मोडले. एका तळ्याला मालक नव्हता, एकाला सात होते, एकाचा मालक देव होता. एक बोडी पावसाळ्यात या गावाची आणि उन्हाळ्यात त्या गावाची होती. मी रकाने वाढवीत गेले. शेवटी तक्ता इतका रुंद झाला, की उजवीकडे सरकवता सरकवता बोट दुखायचे आणि बहुतेक चौकटी रिकाम्या असायच्या. निर्मलाकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, एकदा तो तक्ता पाहून म्हणाल्या, की एवढ्या रिकाम्या खोल्यांचे घर झाडायचे कोणी?

मग सरांच्या वाचनात ग्राफ डेटाबेस आला. ते सकाळीच माझ्या दारात उभे. म्हणाले, हे तर आपले फळ्यावरचेच. त्यांना इतका आनंद झालेला मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही क्वचितच पाहिला. त्या दिवसापासून आजवर, म्हणजे गेली अकरा वर्षे, मी त्या आनंदाची देखभाल करते आहे.

यातली तांत्रिक गोष्ट वाचकांना थोडी सांगणे भाग आहे. कंटाळा आला तर हरकत नाही, मलाही येतो. ग्राफ डेटाबेस म्हणजे ठिपके आणि रेघा. तळे हा ठिपका, माणूस हा ठिपका, बांधी हाही ठिपका, आणि त्यांचे एकमेकांशी जे नाते असेल ती रेघ. कोणत्या ठिपक्याला काय चिकटवावे याचे बंधन नाही. एका तळ्याला खोली असेल, दुसऱ्याला नसेल, तिसऱ्याला ‘इथे म्हशी उतरत नाहीत’ एवढेच असेल. डेटाबेस कुरकुर करीत नाही. कुरकुर करतो तो प्रोग्रॅम. त्याला साचा लागतो. त्या साच्याला आम्ही क्लास म्हणतो. तळ्याचा क्लास लिहायचा म्हणजे तळ्याला अमुक चार गोष्टी असणारच, असे आधी ठरवून टाकायचे. एकीकडे सैल माहिती आणि दुसरीकडे घट्ट साचे, या दोघांचे जुळवून देणे हे आमचे काम. माझा स्वभाव साच्याचा आहे. सरांचा नाही. त्यामुळे हे काम म्हणजे बरेचसे आमचे भांडणच होते.

एक प्रसंग दिघोरीचा. तिथल्या श्रावणजी नावाच्या वयस्क शेतकऱ्यांना सरांनी विचारले, की मोठ्या तळ्याचे आणि तुमच्या बोडीचे नाते काय. ते म्हणाले, पूर्वी पाणी यायचे. आता काय आहे, असे विचारल्यावर ते म्हणाले, ‘आता राग हाये.’ दोन भावांचे घर फुटले होते आणि मधला पाट मातीने बुजवला होता. सरांनी तळ्यापासून बोडीपर्यंत रेघ ओढली आणि तिला नाव दिले ‘राग आहे’. मी डोक्याला हात लावला. प्रोग्रॅमला असली रेघ कळणार नाही, ‘बंद’ असे लिहू, म्हणून मी पुष्कळ समजावले. सर शांतपणे म्हणाले, “रेघेले नाव ते लोकं देतील वो, आपण नाई. ‘बंद’ म्हटल्यावर काहून बंद आहे, ते समजते काय?” मी नाइलाजाने अशा रेघांसाठी वेगळी तजवीज केली. दोन वर्षांनी सर पुन्हा दिघोरीला जाऊन आले आणि मला ते नाव बदलून ‘थोडा राग आहे’ असे करायला सांगितले. मी केले.

आंबागडला किल्ल्याच्या पायथ्याशी जंगलाच्या कामावर जाणाऱ्या बायका ज्या पाण्यावर दुपारी भाकर खातात, ते पाणी तळे आहे, झरा आहे की पूर्वीचे टाके आहे, यावर त्या बायकांतच एकमत होईना. मी म्हटले, काहीतरी एक ठरवा. सरांनी ठरवले नाही. ठिपका तसाच ठेवला, बायकांनी जे जे सांगितले ते सगळे त्याला चिकटवले आणि मला ‘अजून ठरले नाही’ नावाचा क्लास करायला लावला. तो क्लास अजून आहे आणि त्यात भर पडतच असते. नवे विद्यार्थी प्रमाणपत्रापुरता प्रकल्प करायला आमच्याकडे येतात, ते पहिल्या दिवशी या क्लासला हसतात. महिनाभर काम करतात आणि जातात. मागे मी उरते.

सरांच्या प्रेमळपणाविषयी लिहायला हवे. माझ्या आईचा पाय मोडला तेव्हा सर आणि काकू दर रविवारी घरी येत. काकू लाखोळीच्या डाळीचे वडे घेऊन येत आणि सर आईच्या खाटेजवळ खुर्ची ओढून बसत. मला वाटे, किती हा जिव्हाळा. चौथ्या रविवारी कळले, की त्यांनी आईच्या माहेरच्या सगळ्या बोड्या लिहून घेतल्या आहेत. मी रागावले. आई मात्र पाय बरा झाल्यावरही रविवारी दारात खुर्ची मांडून ठेवी. बाबा गेल्यापासून तिला इतके कोणी विचारले नव्हते, असे ती म्हणाली. पुढे ती गेली, तेव्हा तिच्या नावाचा ठिपका आमच्या डेटाबेसमध्ये होता आणि त्याला तिच्या शब्दांत सांगितलेले सगळे चिकटलेले होते. ते तसेच राहील असे मला वाटत होते. त्याची हकिगत आता सांगायची आहे. ती सांगण्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला.

चार वर्षांपूर्वी एका कार्यालयाने आमच्याकडे तळ्यांची नीटनेटकी यादी मागितली. घाईचे काम होते. सर त्या आठवड्यात नातीच्या बारशाला गेले होते. मी मनातल्या मनात खूश झाले, की आता मला हवा तसा घट्ट क्लास लिहिता येईल. तळ्याला आणि माणसाला मोजक्याच गोष्टी ठेवल्या. प्रोग्रॅमने एकेक ठिपका उचलायचा, गावाच्या नावाचे शुद्धलेखन दुरुस्त करायचे आणि परत ठेवायचा, एवढेच काम होते. परत ठेवताना ‘यात भर घाल’ असे सांगायला हवे होते. मी ‘याच्या जागी हे ठेव’ असे सांगितले. माझ्या क्लासला जे माहीत नव्हते, ते परत ठेवताना गळून पडले. म्हशी उतरत नाहीत, देवाला नारळ कोण फोडतो, माणसांनी आपल्या तोंडाने सांगितलेले सगळे, माझी आई. पडद्यावर काम यशस्वी झाल्याची सूचना आली. मग मी रोजच्या शिस्तीप्रमाणे जपून ठेवलेली जुनी प्रत पुसून त्या जागी नवी प्रत ठेवली आणि समाधानाने घरी गेले.

कागदावर तरी असेल, असे कोणाला वाटेल. सुरुवातीच्या वह्यांत होते तेवढे होते. नंतरची कित्येक वर्षे आम्ही गावात बसून थेट लॅपटॉपवर लिहीत होतो. कागदाची दुहेरी मेहनत कशाला, असे मीच सरांना पटवले होते.

आठ दिवसांनी आसगावहून कुंदाबाई कापगते यांचा फोन आला तेव्हा हे उघडकीला आले. कुंदाबाईंची शेती तिथल्या एका बोडीखाली अगदी शेवटच्या टोकाला आहे. त्यांच्या सासूबाई पार्वताबाई यांनी सरांना त्या बोडीचा रिवाज सविस्तर सांगितला होता. चांगल्या पावसाच्या साली पाणी वरच्या बांध्यांना आधी मिळते, पण पाऊस कमी पडला तर शेवटच्या बांधीपासून सुरुवात करून वर यायचे, म्हणजे टोकाचा माणूस उपाशी राहत नाही. पार्वताबाई वारल्या होत्या. त्या साली पाऊस ओढला होता आणि वरच्या बांध्या नव्याने घेतलेले लोक असा काही रिवाज नव्हताच म्हणत होते. गावात बैठक बसणार होती. सासूबाईंनी सांगितलेले छापून द्या, एवढेच कुंदाबाईंचे मागणे होते. सरांनी मला पार्वताबाईंचा ठिपका उघडायला सांगितला. त्यात नाव होते आणि शुद्ध केलेले गावाचे नाव होते.

मी तिथल्या तिथे सगळे सांगितले. सर खुर्चीत बसून राहिले. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. मला रागावले असते तर बरे झाले असते. मग त्यांनी रेघा शाबूत आहेत का विचारले. रेघांना माझ्या प्रोग्रॅमने हात लावला नव्हता. आम्ही पाहिले, तर शेवटच्या बांधीपासून वरच्या बांधीपर्यंत एकेक रेघ होती आणि प्रत्येकीवर पार्वताबाईंचाच शब्द होता, ‘मंग इचा नंबर’. या सगळ्या रेघांचे एकच ‘पाणी देते’ असे नाव करावे म्हणून मी पूर्वी सरांशी आठवडाभर भांडले होते. सरांनी ऐकले नव्हते म्हणून तेवढे उरले.

बैठकीत सरांनी त्या रेघा छापून दाखवल्या. वरच्या बांध्यावाल्यांनी विचारले, की हा क्रम कोणत्या सालचा, कमी पावसाचा की नेहमीचा, आणि सांगणाऱ्या बाईचे बोल कुठे आहेत. त्यांचे विचारणे रास्तच होते. मग एकाने विचारले, “मंग पुसलं कोनं?”

मी उठले. माझ्या तोंडून शब्द फुटण्याआधी सर म्हणाले, “माझ्या हातून झालं. मशीन मीच चालवतो.”

मी उभीच राहिले आणि मग बसले. त्या बसण्याचा मला चार वर्षे विसर पडलेला नाही. परत येताना एसटीत मी त्यांना विचारले, की असे का केले. सर खिडकीबाहेर पाहत म्हणाले, “मी म्हटलं तर म्हातारा म्हणून सोडून देतील. तू म्हटलं तर तुले कोणी पुन्हा काही सांगणार नाई. तुले अजून लय वर्सं या गावाइत जायचं आहे. माझं काय, मी किती दिवस? आता हे कोणाले सांगू नको.” सरांच्या इतर सूचनांवर मी नेहमी वाद घालते. ही मी बिनबोभाट पाळली, कारण ती माझ्या सोयीची होती.

त्या साली पाणी वरूनच सुटले. कुंदाबाईंच्या बांधीपर्यंत पोचता पोचता ते आटले. उशिरा दोन सरी आल्या म्हणून अर्धे धान वाचले, बाकीचे जनावरांना कापून घातले. मी त्यांना भेटायला गेले होते. त्यांनी मला चहा दिला आणि म्हणाल्या, “सरावर राग नाई मॅडम. म्हातारं मानूस हाये, हात चुकते. पन आमच्या बुढीचं सांगनं गेलं ना वो.” मी कप हातात धरून बसले होते. तेव्हाही मी खरे सांगितले नाही.

पुढचा सबंध हिवाळा सर आसगावला जात होते. वय एकाहत्तर, सकाळची एसटी, खांद्याला पिशवी, पिशवीत यावेळी कागदाची वही. पार्वताबाईंच्या वयाची तीन माणसे गावात उरली होती. त्यांच्याकडून तो रिवाज त्यांनी पुन्हा मिळवला, प्रत्येकाला लिहिलेले मोठ्याने वाचून दाखवले आणि खाली अंगठा किंवा सही घेतली. पुढच्या कमी पावसाच्या साली पाणी शेवटच्या बांधीपासून सुटले. कुंदाबाईंनी रोवणी केली आणि त्यांचे पीक घरात आले. या कामाचे श्रेय सरांचे आहे आणि ते गावाने दिलेही.

मी त्या हिवाळ्यात प्रोग्रॅम मुळापासून बदलला. आता आमचा क्लास ठिपक्याला आधी विचारतो, की तुझ्याजवळ काय काय आहे. त्यातले ओळखीचे तो वापरतो. अनोळखी असेल ते न उघडता बांधून ठेवतो आणि परत ठेवताना जसेच्या तसे सोबत देतो. सरांनी त्याला ‘गाठोडे’ असे नाव दिले. एकाच तळ्याकडे आता शेतकरी म्हणून पाहता येते, मासे धरणारा म्हणून पाहता येते, नारळ फोडणारा म्हणूनही पाहता येते, आणि एकाच्या पाहण्याने दुसऱ्याचे काही पुसले जात नाही. सर अकरा वर्षांपूर्वीपासून हेच सांगत होते. मला ते कळायला एवढी मोडतोड व्हावी लागली.

पण एक नुकसान भरून आले नाही. सरांच्या हातून पुसले गेले, ही बातमी आसगावहून निघाली आणि गावोगाव गेली. लोक वाईट बोलले नाहीत. ते सरांचा मान ठेवतात, खुर्ची देतात, चहा देतात. फक्त सांगत नाहीत. सरांनी वही काढली की म्हणतात, “राहू द्या ना सर, मॅडम येतीन तवा सांगू.” सरांचा माझ्याविषयीचा अंदाज बरोबर निघाला, लोक मला भरभरून सांगतात. स्वतःविषयीचा अंदाज त्यांनी बांधलाच नव्हता. जो माणूस ऐकण्यासाठी जगतो, त्याला आता कोणी काही सांगत नाही. गेल्या दोन वर्षांत सरांनी लिहून आणलेली एकही नवी नोंद माझ्याकडे आलेली नाही. ते अजूनही एसटीने जातात आणि संध्याकाळी कोरी वही घेऊन परत येतात. काकूंना वाटते, की त्यांना आता झेपत नाही. मला कारण माहीत आहे.

समितीचे सदस्य चहाला आले तेव्हा त्यांनी या ग्रंथाच्या प्रास्ताविकाचा मसुदा दाखवला. त्यात एक वाक्य होते, की वार्धक्यात हातून घडलेली चूकही सरांनी भर गावात दिलदारपणे मान्य केली. मसुदा लिहिणाऱ्यांचा दोष नाही, त्यांना ठाऊक होते तेच त्यांनी लिहिले. त्यांना मी ते वाक्य काढायला सांगितले. त्यांनी कारण विचारले. कारण लेखात येईल, असे मी म्हणाले.

तर कारण हे, की पुसले मी. वैशाली निंबार्ते. वय तेव्हा चव्वेचाळीस, डोळे चांगले, हात स्थिर. सर त्या दिवशी भंडाऱ्यातही नव्हते. हा ग्रंथ ज्या गावांत जाईल तिथल्या मंडळींना माझी विनंती आहे, की मला सांगायचे राखून ठेवलेले सरांना सांगा. माझ्यावर विश्वास उरला नाही तरी चालेल. मी दमले आहे, मला थोडे दिवस कोणी काही सांगितले नाही तर बरेच वाटेल.

हा लेख मी सरांना दाखवलेला नाही. त्यांनी नको म्हटले असते आणि मी पुन्हा ऐकले असते. मात्र काल मी आमच्या डेटाबेसमध्ये एक नवा ठिपका टाकला, माझ्या नावाचा. इतक्या वर्षांत तो टाकायचे सुचले नव्हते. त्या ठिपक्यापासून पार्वताबाईंच्या ठिपक्यापर्यंत एक रेघ ओढली, कुंदाबाईंपर्यंत एक आणि माझ्या आईपर्यंत एक. तिन्ही रेघांना एकच नाव दिले, ‘हिने पुसलं’. आमच्या कुठल्याच क्लासला या रेघेचा अर्थ कळत नाही. पण आता जे कळत नाही तेही तो सांभाळून ठेवतो, त्यामुळे या रेघा राहतील.

सर, आपल्याला निरोगी आणि उदंड आयुष्य लाभो. सकाळची एसटी आपल्याला वेळेवर मिळो आणि संध्याकाळी वही भरलेली असो. आपण मला अकरावीपासून आजवर एकदाही रागावला नाहीत. हा ग्रंथ हातात पडल्यावर तरी रागवा. मी दर रविवारी घरीच असते आणि दारात खुर्ची मांडून ठेवते.